लॉनच्या स्प्रिंकलरचे व्हॉल्व्ह : शोधावेत कसे, ओळखावेत कसे

घराभोवतीच्या हिरवळीला पाणी देणाऱ्या स्प्रिंकलर यंत्रणेत डोळ्यांना दिसतात ते फक्त फवारे आणि भिंतीवरचा कंट्रोलर, म्हणजे फवारे चालू-बंद करणारी विजेची पेटी. या दोहोंच्या मधले सगळे काम व्हॉल्व्ह करतात आणि ते बहुधा जमिनीत, झाकणाखाली, कित्येकदा त्या झाकणावर चढलेल्या गवताखाली दडलेले असतात. यंत्रणा सुरळीत चालते तोवर त्यांची आठवणही होत नाही. एखादा भाग कोरडा पडू लागला किंवा एखाद्या भागाचे फवारे बंदच होईनासे झाले, की शोधाशोध सुरू होते. घरात नव्याने राहायला आलेल्यांची अडचण याहून मोठी असते, कारण पाइप कुठून कसे टाकले आहेत याचा नकाशा त्यांच्या हाती क्वचितच पडतो. पुढील पद्धतीला दोन गोष्टींचा आधार आहे. प्रत्येक व्हॉल्व्हपर्यंत पाणी एका वाटेने येते आणि वीज दुसऱ्या वाटेने, म्हणून शोध दोन्ही टोकांकडून घ्यावा. दुसरे असे, की व्हॉल्व्ह बंद राहतो तो पाण्याच्याच दाबामुळे, आणि हे एकदा नीट उमगले की बऱ्याच बिघाडांचा अंदाज व्हॉल्व्ह न खोलताही बांधता येतो.

आधी पाणी बंद करता आले पाहिजे

जमीन उकरण्यापूर्वी या यंत्रणेचे पाणी कुठे बंद होते ते निश्चित करावे. घराला येणाऱ्या मुख्य पाइपला, साधारणपणे मीटरच्या पुढे, बागेकडे जाणारी एक शाखा फुटते आणि तिच्या तोंडाशीच हाताने फिरवायचा एक व्हॉल्व्ह असतो. पाणी विहिरीचे किंवा टाकीतले असेल तर तो पंपाच्या आसपास सापडतो. त्याला लांबट दांडा असेल तर तो बॉल व्हॉल्व्ह समजावा : दांडा पाइपच्या रेषेत असला की पाणी चालू, पाइपला आडवा असला की बंद, आणि एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जायला फक्त पाव फेरा पुरतो. गोल चाकासारखी मूठ असेल तर तो बहुधा गेट व्हॉल्व्ह असतो. त्याला अनेक फेरे द्यावे लागतात आणि आतली पाचर पूर्ण खाली बसली की नाही हे बाहेरून कळत नाही.

वर्षानुवर्षे न फिरवलेल्या गेट व्हॉल्व्हवर पान्याने जोर लावू नये. आतला दांडा तुटला तर पाचर आहे तिथेच अडकून राहते, आणि मग घराचा मुख्य कॉक बंद करून व्हॉल्व्ह बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. थोडा बंद, थोडा उघडा असे मागेपुढे करत तो मोकळा करावा. व्हॉल्व्ह बंद केल्यावर कंट्रोलरवरून एखादा विभाग, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणारे फवारे, चालू करून पाहावा : पाइपमधले उरलेसुरले पाणी निघून फवारे बसून गेले आणि घरातल्या नळाला मात्र पाणी येत राहिले, तर आपण नेमकी बागेची शाखा बंद केली आहे.

या व्हॉल्व्हच्या पुढे, बहुधा घराच्या भिंतीलगत, जमिनीबाहेर आलेली एक पितळी जोडणी दिसू शकते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक बॉल व्हॉल्व्ह असतो आणि अंगावर स्क्रू ड्रायव्हरची खाच असलेल्या दोन किंवा चार बारीक तोट्या असतात. हा बॅकफ्लो प्रिव्हेंटर. पुरवठ्याचा दाब अचानक पडला तर हिरवळीवरचे खत-औषध मिसळलेले पाणी पिण्याच्या पाइपमध्ये उलटे ओढले जाऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. त्याचा एक प्रकार, प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर, पुढच्या सर्वांत उंच फवाऱ्यापेक्षा किमान १२ इंच उंचीवर बसवतात. पाणी सुरू होताना त्याच्या टोपीतून थोडे पाणी उडते आणि थांबते, त्यात काही वावगे नाही. त्या बारीक तोट्या तपासणीसाठी असतात. त्यांना हात लावू नये आणि ही जोडणी स्वतः खोलूही नये. अनेक ठिकाणी तिची तपासणी परवानाधारकाकडूनच करून घेणे बंधनकारक असते. आपल्याला तिचा उपयोग एवढाच, की पाणी जमिनीत शिरते ते इथून, हे तिच्यामुळे कळते.

व्हॉल्व्ह बंद कसा राहतो

सगळ्या फवाऱ्यांना एकाच वेळी पुरेल इतके पाणी घरगुती पाइपमधून मिळत नाही, म्हणून बागेचे विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागाला एक व्हॉल्व्ह देतात. तो सहसा पाऊण किंवा एक इंची, प्लॅस्टिकच्या अंगाचा असतो. त्याच्या डोक्यावर उभी राहिलेली, दोन वायरी निघालेली दंडगोल कॉइल म्हणजे सोलेनॉइड. अंगावर बाण कोरलेला असतो, तो पाणी वाहण्याची दिशा दाखवतो.

आत रबराचा एक गोल पडदा असतो. पाणी पडद्याच्या खाली येते आणि एका बारीक छिद्रातून पडद्यावरच्या कप्प्यातही शिरते, त्यामुळे थोड्याच वेळात वरचा आणि खालचा दाब सारखा होतो. मात्र वरचा दाब पडद्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर पडतो, तर खालचा दाब फक्त कडेच्या पट्ट्यावर पडतो, कारण मधला भाग बैठकीवर टेकलेला असतो आणि बैठकीच्या आत पुढे जाणारा पाइप रिकामा असतो. दाब सारखा असूनही वरचे बळ जास्त भरते, स्प्रिंग त्याला हातभार लावते आणि पडदा घट्ट बसून राहतो. पुरवठ्याचा दाब जितका अधिक, तितका तो जास्त घट्ट बसतो.

वरच्या कप्प्यातून पुढच्या पाइपकडे जाणारी आणखी एक चिंचोळी वाट असते आणि तिच्या तोंडावर सोलेनॉइडचा दट्ट्या बसलेला असतो. कंट्रोलर २४ व्होल्टचा एसी प्रवाह सोडतो, कॉइल दट्ट्याला वर खेचते, वाट मोकळी होते आणि कप्प्यातले पाणी पुढे निघून जाते. आत येणारे छिद्र बाहेर जाणाऱ्या वाटेहून लहान असल्यामुळे कप्पा त्या वेगाने भरून येत नाही. वरचा दाब पडतो आणि खालचे पाणी पडदा उचलून फवाऱ्यांकडे धावते. वीज थांबली की दट्ट्या खाली येतो, कप्पा पुन्हा भरू लागतो आणि पडदा काही सेकंदांत हळूहळू बसतो. हा हळूपणा मुद्दाम ठेवलेला आहे. पाणी एकदम अडले तर पाइपला धक्का बसतो.

तेव्हा वीज काही व्हॉल्व्ह उचलत नाही. ती फक्त कप्प्याची मागची वाट उघडते, उचलण्याचे काम पाणीच करते. बिघाड झाला की ‘कप्प्यात पाणी येत नाही, की कप्प्यातून पाणी जात नाही?’ हा एकच प्रश्न विचारावा. आत येणारे छिद्र बुजले तर कप्पा भरत नाही, म्हणून व्हॉल्व्ह बंद होत नाही. बाहेर जाणारी वाट बुजली किंवा कॉइल जळाली तर कप्पा रिकामा होत नाही, म्हणून व्हॉल्व्ह उघडत नाही. पडदा मध्यभागी, बैठकीच्या आतल्या बाजूला फाटला तर कप्प्यातले पाणी सतत पुढे गळते आणि व्हॉल्व्ह बंद होत नाही. तोच कडेला फाटला तर कप्प्यात गरजेपेक्षा जास्त पाणी शिरत राहते आणि व्हॉल्व्ह उघडायला कुरकुरतो. रबराचा तुकडा तोच, फाटण्याची जागा बदलली की लक्षण उलटे होते.

शोध कंट्रोलरपासून सुरू करावा

पहिले काम खुरप्याचे नाही, मोजणीचे आहे. कंट्रोलरचा वीजपुरवठा बंद करून त्याचे झाकण काढावे. आत १, २, ३ अशा क्रमांकांच्या जागा असतात. जितक्या क्रमांकांना वायर लावलेली आहे साधारण तितके व्हॉल्व्ह जमिनीत आहेत. ‘सी’ किंवा ‘कॉम’ असे लिहिलेल्या जागी सर्वांना समाईक असलेली वायर असते, बहुधा पांढरी. ‘एमव्ही’ असे लिहिलेल्या जागेलाही वायर असेल तर या यंत्रणेत मास्टर व्हॉल्व्हही आहे. तो सगळ्या विभागांच्या अलीकडे बसतो आणि कोणताही विभाग चालू झाला की सोबत उघडतो. काहीही सुटे करण्याआधी या जोडणीचा फोटो काढून ठेवावा.

मग कंट्रोलरची केबल भिंतीतून निघून कुठे जमिनीत शिरते ते पाहावे. पाणी कुठून जमिनीत शिरते ते आपल्याला ठाऊक झालेच आहे. या दोन जागांवरून बागेकडे मनातल्या मनात रेषा ओढल्या, तर त्या जिथे जवळ येतात तिथे पहिली शंका घ्यावी. यंत्रणा बसवणारे खोदाई वाचवण्यासाठी बरेच व्हॉल्व्ह एकाच ठिकाणी ओळीने बसवतात आणि हिरवळीच्या मधोमध झाकण दिसू नये याचीही काळजी घेतात. म्हणून भिंतीचा कोपरा, पायवाटेची कड, फुलझाडांचा वाफा, कुंपणालगतची झुडपे या जागा आधी पाहाव्यात. बाग मोठी असेल तर पुढच्या आणि मागच्या अंगणाचे गट वेगवेगळे असण्याची शक्यता धरावी.

व्हॉल्व्ह ज्या पेटीत असतात तिला चेंबर म्हणतात. तिचे झाकण गोल किंवा आयताकृती, बहुधा हिरव्या प्लॅस्टिकचे असते. गवत चढून झाकण गडप झाले असले तरी जमीन खूण देते. झाकणावर मातीचा थर पातळ असल्यामुळे तेवढ्याच आकाराचा तुकडा उन्हात आधी पिवळा पडतो. कुठे जमीन थोडी खचलेली दिसते. याउलट एखादाच भाग कायम ओला आणि गडद हिरवा राहत असेल, तर खाली गळका व्हॉल्व्ह असण्याचा संभव असतो.

संशयित जागी माती ओलसर असताना बोथट, लांब स्क्रू ड्रायव्हर अलगद टोचत जावे, वीतभर अंतर ठेवून. झाकणाला टेकल्यावर तो सगळीकडे एकाच खोलीवर अडतो आणि वरून ठोकल्यास पोकळ आवाज येतो. दगड असेल तर शेजारी टोचताच तो खोल जातो. टोकदार पहार आपटत फिरू नये, कारण वायर तुटायला आणि पाइपला भोक पडायला एक घाव पुरतो. जमिनीखालून वीज किंवा गॅसची लाइन गेलेली असू शकते, म्हणून ती कुठून जाते याची चौकशी खोदण्याआधी करावीच.

एवढ्याने जमले नाही तर कानांचा उपयोग करावा. बागेचे पाणी बंद ठेवून, आजूबाजूला शांतता असताना, एकाने कंट्रोलरवरून एक विभाग पुन्हा पुन्हा चालू-बंद करावा आणि दुसऱ्याने संशयित जागी जमिनीशी कान नेऊन ऐकावे. पाण्याचा आवाज नसल्यामुळे दट्ट्या उचलल्याचा ‘टक्’ असा आवाज मातीखालूनही ओळखू येतो. दुसरी युक्ती पाणी चालू ठेवून करायची : विभाग सुरू होताच कोणता फवारा सर्वांत आधी वर येतो ते पाहावे, बहुधा व्हॉल्व्ह त्याच्या बाजूला असतो.

शेवटचा उपाय वायर ट्रेसरचा, म्हणजे जमिनीखालची वायर शोधणाऱ्या उपकरणाचा. कंट्रोलरवरची त्या विभागाची आणि समाईक वायर सुटी करून, उपकरणाची एक चिमटी विभागाच्या वायरीला आणि दुसरी जमिनीत खोवलेल्या सळईला लावतात. मग हातातला, संकेत पकडणारा रिसीव्हर जमिनीवरून फिरवत वायरीच्या मार्गाने जातात. व्हॉल्व्हपाशी वायर गुंडाळून ठेवलेली असते, त्यामुळे तिथे संकेत ठळक होतो आणि पुढे विरतो. एकदोन व्हॉल्व्हसाठी हे उपकरण विकत घेण्यात अर्थ नाही. भाड्याने मिळाले तर पाहावे, नाहीतर माहितगार माणसाला बोलवावे.

चेंबर सापडला की घराचे दोन पक्के कोपरे निवडून प्रत्येकापासूनचे अंतर फितीने मोजावे आणि ते दोन आकडे कंट्रोलरच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावेत. एकाच कोपऱ्यापासूनचे अंतर पुरत नाही, कारण त्या अंतरावर जागा अनेक असतात.

चेंबर उघडल्यावर

झाकण हाताने नव्हे, स्क्रू ड्रायव्हरने उचकटून उचलावे आणि क्षणभर थांबावे. अंधारी, ओलसर जागा विंचू, गांधीलमाशी आणि क्वचित सापालाही आवडते. चिखल साचला असेल तर हातमोजे घालून तो काढावा, पण वायरी ओढू नयेत.

व्हॉल्व्हवर सोलेनॉइडखेरीज आणखी दोन गोष्टी असू शकतात. मधोमध फिरवायची मूठ असेल तर ती प्रवाह कमी-जास्त करण्यासाठी असते; ती खाली आवळली की पडदा कमी उचलला जातो आणि पूर्ण आवळली तर वीज येऊनही विभाग चालू होत नाही. कुणीतरी ही मूठ बंद करून विसरलेले असते, आणि लोक उगाच कॉइल बदलत बसतात. दुसरा असतो तो बारीक ब्लीड स्क्रू. तो थोडा सैल केला, किंवा तो नसेल तर सोलेनॉइडच पाव ते अर्धा फेरा डावीकडे फिरवला, की कप्प्यातले पाणी निघून जाते आणि विजेवाचून विभाग सुरू होतो. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या विभागाचा हे ठरवण्याची ही सर्वांत सोपी रीत आहे, आणि ओळख पटताच त्यावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहावा. मात्र यंत्रणेत मास्टर व्हॉल्व्ह असेल तर असे करूनही पाणी येणार नाही, कारण तो बंदच असतो. आधी त्यालाही हाताने उघडावे लागते.

काही घरांत चेंबर सापडतच नाही, कारण तो नसतोच. तिथे सगळे व्हॉल्व्ह भिंतीलगत जमिनीच्या वर, टोपी असलेल्या आखूड खांबांसारखे ओळीने उभे असतात. हे अँटी-सायफन व्हॉल्व्ह. प्रत्येकात उलटे पाणी रोखण्याची सोय असते, म्हणून ते आपल्या विभागातल्या सर्वांत उंच फवाऱ्यापेक्षा किमान ६ इंच वर असावे लागतात.

विजेचा दोष की पाण्याचा

एखादा विभाग कंट्रोलरवरून चालू होत नाही पण हाताने होतो, तर पाण्याची बाजू बहुधा ठीक आहे आणि दोष विजेत असावा. सगळेच विभाग एकदम बंद पडले असतील तर समाईक वायर, कंट्रोलरचा ट्रान्सफॉर्मर किंवा मास्टर व्हॉल्व्ह तपासावा. एकच बंद असेल तर कंट्रोलरचा पुरवठा बंद करून त्या विभागाची वायर सुटी करावी आणि तिच्यात व समाईक वायरीत मल्टिमीटरने रोध मोजावा. तो साधारण २० ते ६० ओहम भरला तर कॉइल व वायर बहुधा शाबूत आहेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर तुटली आहे किंवा कॉइल जळाली आहे. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. नेमके कुठे हे कळण्यासाठी हीच मोजणी चेंबरमध्ये, कॉइलच्या दोन वायरी सोडवून पुन्हा करावी. जोड पुन्हा करताना साधी चिकटपट्टी वापरू नये. ओलाव्यात तांबे हिरवे पडते. आत ग्रीस भरलेली जलरोधक टोपी वापरावी.

बॅटरीवर चालणाऱ्या कंट्रोलरचे सोलेनॉइड वेगळ्या जातीचे असतात. त्यांना डीसीचा क्षणिक झटका पुरतो, त्यांचा रोध पुष्कळ कमी असतो आणि त्यांना २४ व्होल्ट एसी लावल्यास ते निकामी होऊ शकतात. म्हणून वरील आकडे त्यांना लावू नयेत.

विभाग बंदच होत नसेल तर कंट्रोलरवरची त्याची वायर काढून पाहावी. तरीही पाणी चालू राहिले तर दोष व्हॉल्व्हमध्येच आहे, आणि आधी ब्लीड स्क्रू व सोलेनॉइड नीट आवळलेले आहेत का ते तपासावे. असतील, तर बागेचे पाणी बंद करून व्हॉल्व्ह खोलावा. वरचे स्क्रू काढून टोपी सरळ वर उचलावी, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते आणि ती उडून गवतात पडली तर सापडत नाही. पडदा कोणत्या बाजूने बसला होता त्याचा फोटो काढून मगच तो बाहेर काढावा, उजेडासमोर ताणून चीर आहे का पाहावी आणि स्वच्छ पाण्यात धुवावा. बारीक छिद्रात सुई किंवा तार खुपसू नये, ते मोठे झाले तर कप्पा भरण्याचा वेग बदलतो. पाण्याच्या धारेने कचरा काढावा. बैठकीवरून बोट फिरवावे; वाळूचा एक कण किंवा प्लॅस्टिकचा कीसही पाणी झिरपत ठेवायला पुरेसा असतो. बसवताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत आणि सोलेनॉइड फक्त हाताने घट्ट करावा.

मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. पाणी भरताना विभागाचे फवारे काही क्षण वर येऊन बसले तर काळजी नको, कप्पा भरायला तेवढा वेळ लागतो. मग कंट्रोलरवरून विभाग दोनतीन मिनिटे चालवून बंद करावा आणि बागेच्या सर्वांत सखल भागातल्या फवाऱ्याकडे पाहावे. तिथून थोडा वेळ पाणी ओघळून थांबले तर ते पाइपमध्ये उरलेले पाणी उताराने निघून गेले. त्यावर उपाय व्हॉल्व्हमध्ये नाही, त्या जागी चेक व्हॉल्व्ह, म्हणजे उरलेले पाणी ओघळू न देणारी झडप, असलेला फवारा बसवावा. तासाभरानेही थेंब पडतच असतील, तर पडदा पुन्हा काढून बैठक तपासावी.